पलटीची परीक्षा

घरात हेमचंद्रला न्हाणीघर सापडत नसे. सकाळी उठून तो खांद्यावर टॉवेल टाकून पडवीत उभा राहायचा आणि जो दिसेल त्याला विचारायचा, “भैया, इकडून कुठं जायचं?” जबलपुरात चेरीतालमधल्या ज्या घरात तो जन्मला, वाढला, लग्न करून बायको घेऊन आला, त्याच घरात. आणि हाच माणूस रविवारी बरगी धरणाच्या पाण्यावर गेला की वारा कुठून येऊन राहिला ते मानेवरच्या केसांवरून सांगायचा. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. सिविल लाइन्समधल्या डॉक्टरांनी या आजाराला एक भलंमोठं नाव दिलं होतं. नाव दिलं आणि मोकळे झाले. हेमचंद्रच्या बायकोला, विनताला, त्या नावाचाच राग होता. ज्याच्यावर औषध नाही त्याचं बारसं तरी काहून करता, असं तिनं डॉक्टरांना तोंडावर विचारलं होतं.

विनता नागपूरची. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली, अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. तिच्या वर्गात मागच्या बाकावर कोणी खडूचा तुकडा जरी हलवला तरी तिला पाठमोरी असून कळायचं म्हणतात. अशी बाई नवऱ्याच्या या दुखण्यापुढं मात्र हात टेकून बसली होती. पुरती नाही, कारण ठमाबाई होती.

ठमाबाई म्हणजे बोट. मोठी नाही हो. इंजिन नाही, छप्पर नाही, दोन माणसं बसली की भरली. एक डोलकाठी, तिच्यावर दोन निळी शिडं, मागं सुकाणू, आणि पोटातल्या फटीतून पाण्यात खाली सोडायची एक फळी, म्हणजे वाऱ्यानं बोट आडवी घसरू नये. पोरं अशाच बोटींवर शिडाचं काम शिकतात आणि रविवारी बरगीवरच्या क्लबातली मोठी माणसं त्याच बोटींवरून शर्यती लावतात. हेमचंद्रनं ही बोट भोपाळहून कोणाची तरी जुनी आणली, सडलेलं प्लायवूड स्वतः बदललं, रंग दिला, आणि बूड रुंद, चाल ठुमकती म्हणून नाव ठेवलं ठमाबाई. क्लबातले हिंदीवाले तिला थामाबाई म्हणायचे. त्यांना सांगून सांगून विनता थकली.

हेमचंद्र हे सगळं कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्ही विंगमध्ये शिकला होता. जिथून समुद्र दिसायला अख्खी रात्र आगगाडीत काढावी लागते त्या जबलपुरात नेव्ही, म्हणून तेव्हा लोक हसायचे. तो काही हसण्यावारी नेणारा नव्हता. पुढं कारखान्यात नोकरी लागली, धरण भरलं, आणि याचा रविवार पाण्यात गेला तो गेलाच. बायको आली तीही अशी, की ग्वारीघाटावर नर्मदेत पाय बुडवतानासुद्धा नवऱ्याचा शर्ट मुठीत धरायची. त्यानं तिला आधी पोहायला शिकवलं, मग बोटीत पुढं बसवलं. पुढच्या माणसानं लहान शीड सांभाळायचं, वारा वाढला की काठावर बसून अंग बाहेर टाकायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. ज्याच्या हातात सुकाणू त्यानं सांगायचं. पुढच्यानं आधी ते करायचं आणि मग, पाहिजेच असेल तर, किनाऱ्यावर चहा पिताना भांडायचं. बोटीत वाद घालायला कोणाला वेळ असतो? घरात विनताचं राज्य, बोटीत हेमचंद्रचं, अशी वाटणी होती आणि तिच्यावर त्यांचा संसार झकास चालला. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तिचे हात चाललेले असायचे.

आणि आता घरात विनता कोणीही असे. कधी मोठी बहीण, कधी नर्स, कधी बँकेतून आलेली बाई. एकदा त्यानं तिला पानावर बसल्या बसल्या अदबीनं विचारलं, “तुमचे मिस्टर काय करतात?” ती स्वयंपाकघरात गेली, भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली, आणि कुकरची शिटी झाली तशी गॅस बंद करून भात घेऊन परत आली. दुसरं काय करणार? पण रविवारी बोटीत बसला, सुकाणू हातात आलं, की तो मागं न पाहता म्हणायचा, “विनू, जिब घे.” जिब म्हणजे ते पुढचं लहान शीड. एवढं ऐकण्यासाठी ती अख्खा आठवडा ढकलायची. सोमवार ते शनिवार ती कोणाची कोणी नव्हती. रविवारी घटकाभर तिचा नवरा तिला परत मिळत होता, आणि ती घटका तिला कोणत्याही परिस्थितीत सोडायची नव्हती. लोक म्हणायचे, आजारी माणसाला घेऊन पाण्यावर जाते, बाई आहे का कोण आहे. म्हणू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आता घोडं कुठं पेंड खात होतं ते सांगते. क्लबाचा एक नियम होता. पावसाळाभर बोटी ताडपत्रीखाली असतात. दसऱ्याला त्या बाहेर काढायच्या, डोलकाठीला झेंडूची माळ, सुकाणूला हळदकुंकू, नारळ फोडायचा, आणि पुढच्या रविवारी पलटीची परीक्षा. ज्याला या वर्षी सुकाणू धरायचं आहे त्यानं खोल पाण्यात जाऊन आपली बोट आपल्या हातानं पलटी करायची. मग ती सरळ करायची, आत चढायचं, पाणी उपसायचं, जोडीदाराला आत घ्यायचं आणि पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून परत यायचं. जमलं तर वर्षभर सुकाणू तुमचं. नाही जमलं तर किनाऱ्यावर बसा आणि दुसऱ्यांच्या बोटी मोजा. हा नियम आणला कोणी, तर हेमचंद्रनंच, ऐन उमेदीत असताना. क्लबातल्या जाडजूड साहेबलोकांना त्यानं या नियमापायी पाण्यात बुचकळून काढलं होतं.

या दसऱ्याला पूजेच्या वेळी शशिकांतनं तोंड उघडलं. हा शशिकांत बँकेतला, ठाण्याहून बदलून आलेला, आल्या आल्या कमिटीवर बसलेला. प्रसादाचं खोबरं चावत तो म्हणाला, “काकू, राग मानू नका. पण गेल्या वर्षीच्या परीक्षेत काकांना बोटीत तुम्ही ओढून घेतलंत. पाणी तुम्ही उपसलंत. बोट तुम्हीच चालवता, काका फक्त बसलेले असतात. उद्या काही कमीजास्त झालं तर जबाबदार कोण?”

माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं ते कोणीतरी विचारायलाच हवं होतं. पण विनताच्या ते जे काळजात रुतलं ते रुतलं. फक्त बसलेले असतात म्हणे. ज्यानं या पाण्यावरच्या अर्ध्या लोकांना दोरीची गाठ मारायला शिकवली, तो फक्त बसलेला असतो.

ओढून घेतलं होतं हे खरं होतं. त्याचं असं असतं. बोट पलटी झाली की ती कुशीवर पडते आणि शिडं पाण्यावर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी पसरतात. मग दोघांची कामं ठरलेली. एकानं बाहेरून त्या फळीवर चढायचं आणि दोरी धरून मागं झुकायचं. दुसऱ्यानं बोटीच्या पोटाशी पाण्यात पडून राहायचं. बोट उठली की तो आतल्या आत उचलला जातो आणि मग पहिल्याला काखेत हात घालून वर घेतो. विनता नेहमी आतच असायची. या खेपेला तिनं ठरवलं, आत राहायचं नाही. आपण पुढं जाऊन नुसतं बोटीचं नाक धरायचं, वाऱ्याकडं तोंड करून ठेवायचं. फळीवर तो चढेल, बोट तो उठवेल, आत तो जाईल, पाणी तो काढेल, आणि शेवटी हात देऊन आपल्याला वर घेईल. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग बघू कोण काय बोलतं.

पोरीला, यामिनीला, तिनं हे फोनवर सांगितलं. यामिनी हैदराबादला नोकरीत. ती ऐकून घेऊन म्हणाली, “आई, बस कर ना आता. हे तू बाबांसाठी करून राहिली का तुझ्यासाठी?” विनतानं आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

रविवारी सकाळी दोघं निघाली. गाडी विनताच चालवायची. वाटेत एका टपरीवर पोहे-जिलेबी घेतली. हेमचंद्रनं जिलेबी खिशात ठेवली, ती तिनं काढून खिसा रुमालानं पुसला. “कुठं चाललो आपण?” त्यानं विचारलं. “बरगीला.” “अच्छा.” थोडं अंतर गेलं की परत, “कुठं चाललो आपण?” ती दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगत होती. त्याबाबतीत तिचं तिलाच नवल वाटायचं. वर्गात एकच प्रश्न दोनदा विचारणाऱ्याला ती बाकावर उभं करायची.

किनाऱ्यावर आलोक होता. क्लबात शिकवायचं काम आता तो बघायचा. तिसऱ्या पिढीचा जबलपुरी मराठी, मराठी सगळी समजायची पण बोलताना हिंदीत घसरायचा. पोरवयात त्याला शिडाची दोरी हेमचंद्रनंच हातात दिली होती. परीक्षा घ्यायला मोटारबोटीतून तोच येणार होता. त्यानं वाकून नमस्कार केला. “सर, ओळखलं?”

“हो तर,” हेमचंद्र म्हणाला. ओळखलं नव्हतं. पण ठमाबाईवरची ताडपत्री निघाली आणि त्याचे हात आपोआप कामाला लागले. डोलकाठी उभी केली, तारा ताणल्या, शीड चढवलं, दोऱ्या त्यांच्या त्यांच्या कड्यांतून गेल्या. एक गाठ चुकली नाही. शशिकांत लांबून बघत होता, आणि विनता शशिकांतकडं बघत होती.

पाणी तुडुंब होतं. काठावरच्या टेकड्या पाण्यात उतरून बसल्या होत्या आणि वारा मंडल्याच्या बाजूनं, अगदी बेताचा. बोट खोल पाण्यात आली, सुकाणू वळलं आणि मागून आवाज आला, “विनू, जिब घे.”

तिला इतकं बरं वाटलं की हातच चालेना.

“झोपली का?” हेमचंद्र म्हणाला.

“घेते, घेते,” ती म्हणाली आणि दोरी ओढली. बोट कलली, दोघं काठावर सरकली, आणि पाठीमागून तो कारखान्यातल्या कोणा साहेबाची जुनी गंमत सांगू लागला, जी तिनं शंभरदा ऐकली होती आणि जी तिला आज परत ऐकायची होती. देवा, असंच राहू दे, एवढंच ती मनात म्हणाली. फार काही मागत नव्हती.

आलोकनं शिटी वाजवली. हेमचंद्रनं शीड ओढून धरलं, सुकाणू आडवं टाकलं आणि ठमाबाई पलटी केली. विनता पाण्यात गेली, वर आली, तोंडावरचे केस मागं सारले. तो तिच्या आधीच वर आलेला होता आणि बोटीच्या मागून वळसा घालून फळीकडं निघाला होता. सवयीनं तिचे पाय बोटीच्या पोटाकडं वळले. तिनं स्वतःला थांबवलं, पुढं पोहत गेली आणि बोटीचं नाक धरलं.

फळीवर चढताना तो दोनदा घसरला. तिसऱ्यांदा गुडघा वर आला, मग दुसरा, आणि पांढऱ्या केसांचा तिचा नवरा त्या निसरड्या फळीवर उभा राहिला. दोरी धरून मागं झुकला. शिडातून पाणी निथळायला लागलं, डोलकाठी हळूहळू वर आली, आणि ठमाबाई फसकन सरळ झाली. किनाऱ्यावरून टाळ्या ऐकू आल्या. काठावर पोट टेकून तो आत कोसळला, उठून बसला, बादली शोधली आणि पाणी उपसू लागला. विनता नाक धरून तरंगत त्याच्याकडं बघत होती. शिडाच्या खालून तिला त्याचा चेहरा दिसत होता. तो शीळ वाजवत होता. आजारपण आल्यापासून असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. तिला हसू फुटलं. शशिकांतचं तोंड आता कसं झालं असेल ते डोळ्यांपुढं आणून ती पाण्यात एकटीच हसली.

बोट हलकी झाली. त्यानं बादली बांधून ठेवली.

“अहो, झालं,” ती म्हणाली. “आता मला घ्या.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. नीट पाहिलं. रस्त्यात मधे उभ्या असलेल्या परक्या बाईकडं सज्जन माणूस पाहतो तसं.

“बाई, जरा बाजूला व्हा,” तो म्हणाला. “बोट निघून राहिली. लागेल तुम्हाला.”

आणि तिनं हात सोडला.

काहून सोडला? हे तिला पुढं किती जणांनी विचारलं. सुकाणूवरच्या माणसानं सांगितलं आणि तिच्या हातांनी केलं, एवढंच झालं. विचार मागून आला. तोवर शीड भरलं होतं, बोटीचं नाक फिरलं होतं आणि ठमाबाईचं गुळगुळीत पिवळं अंग तिच्या खांद्याला घासून पुढं गेलं होतं.

“अहो,” तिनं हाक मारली. “अहो, मी राहिले.” मग जन्मात कधी मारली नव्हती तशी नावानं हाक मारली, “हेमचंद्र.”

त्यानं मागं वळून हात हलवला. धरणावर फिरायला आलेल्या लोकांना बोटीतून हलवतात तसा. मग तो पुढं बघू लागला.

लाइफ जॅकेट होतं, पाणी फार गार नव्हतं, मोटारबोट जवळच होती. बुडण्याची भीती तिला मुळीच वाटली नाही. वाटली असती तर बरं, असं तिला वाटलं. बोयाकडं जाणारी निळी शिडं ती बघत राहिली. किती सुरेख चालवत होता. सुकाणूही तोच आणि जिबही तोच, दोन्ही शिडांच्या दोऱ्या एका हातात घेऊन, कॉलेजात शिकला होता तसा. म्हणजे तिच्या आधीच्या काळात गेला होता तो. तिथं कोणी विनू नव्हती आणि तिच्यावाचून त्याचं काही अडत नव्हतं. ज्या पाण्यावर तो तिला परत मिळतो असं ती धरून चालली होती, त्याच पाण्यावरून तो निघून गेला होता, आणि तोही शीळ वाजवत. आता सोमवारला काय अर्थ होता आणि रविवारला काय अर्थ होता? तिनं तोंड उघडून रडायला सुरुवात केली. पाण्यात रडणं कोणाला दिसत नाही हा एक फायदा.

आलोकनं मोटारबोट शेजारी आणली, इंजिन बंद केलं आणि तिला वर घेतलं. टॉवेल दिला.

“काकी,” तो म्हणाला, “किनाऱ्यावरून काहीच नाही दिसलं कोणाला. शीड मधे होतं. मीच पाहिलं फक्त. आणि मी हे पण पाहिलं की हात तुम्ही सोडला.”

“हो. मीच सोडला.”

“तो फिर बस. मी सांगतो, काकी दमल्या, म्हणून त्यांनीच सरांना सांगितलं, तुम्ही चला. असं कधी कधी होते. सर पास.” तो तिच्या तोंडाकडं बघत नव्हता. “मला त्यांना फेल नाही करता येणार, काकी. मी कोण त्यांना फेल करणारा? तुम्ही फक्त हो म्हणा.”

समोर ठमाबाई बोयाला वळसा घालत होती. हो म्हटलं की झालं. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार, सगळं वर्ष. ती परत पुढं बसली असती आणि कोण जाणे, एखादे वेळी त्यानं मागून नावानं हाक मारलीही असती. तिला हे सगळं कळत होतं. हेही कळत होतं की एखाद्या दिवशी मोटारबोट जवळ नसेल आणि वारा बेताचा नसेल. आणि या दोन्हींच्या खाली तिला राग आला होता. ज्याचा टॉवेल, ज्याचं पान, ज्याची औषधं, ज्याच्या एकाच प्रश्नाला दिवसभर उत्तरं, तो माणूस तिला पाण्यात टाकून हसत गेला. आजार आहे, त्याचा दोष नाही, हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी राग यायचा तो आला.

“मी चला म्हटलं नाही,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मला घ्या.”

“काकी, सोच लो.”

“तू ऐकलं ना?”

“ऐकलं,” आलोक म्हणाला आणि इंजिन चालू केलं.

ती भीतीनं बोलली का रागानं, हे तिला पुढंही कधी ठरवता आलं नाही. मोटारबोट काठाला लागली तेव्हा शशिकांत गुडघाभर पाण्यात धावत आला. “काकू, मानलं काकांना. मी माझे शब्द मागे घेतो. सगळ्यांसमोर घेतो.” आलोकनं त्याला बाजूला नेऊन दोन वाक्यं सांगितली. शशिकांतचा चेहरा पडला. परत येऊन तो चाचरत म्हणाला, “आपण असं करू या का, पुढच्या रविवारी पुन्हा एकदा घेऊ परीक्षा. एवढं काय त्यात.”

“नको,” विनता म्हणाली. तिला त्याच्यावर रागवायचं होतं, पण राग सगळा खर्च झाला होता.

हेमचंद्र ठमाबाईच्या शेजारी ओल्या अंगानं बाकड्यावर बसला होता. कोणीतरी त्याला चहा दिला होता. गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. समोर तिघं येऊन उभी राहिली तशी त्यानं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि शिटी आलोकच्या गळ्यात होती म्हणून त्याला विचारलं, “मग? पास ना?”

आलोक खाली बघू लागला. शशिकांत तर केव्हाच दोन पावलं मागं सरकला होता. शेवटी विनताच बोलली.

“नापास.”

“काहून?” त्याला खरंच कळेना. “बोट उठवली. पाणी काढलं. बोया घेतला. काय राहिलं?”

“माणूस राहिला,” विनता म्हणाली. “पाण्यात माणूस होता. त्याला न घेताच तुम्ही निघाले.”

हेमचंद्रनं कप खाली ठेवला. पाठ ताठ झाली, भुवया जवळ आल्या, आणि घटकाभर तो पूर्वीचा हेमचंद्र दिसला, साहेबलोकांना पाण्यात बुचकळणारा. “मग नापासच,” तो म्हणाला. “बरोबर केलं तुम्ही. पाण्यात माणूस टाकून येणाऱ्याच्या हातात सुकाणू द्यायचंच नाही. कोणी का असेना. परत मागायला आला तरी द्यायचं नाही.” त्यानं आलोकला बोट दाखवून बजावलं. आलोकनं मान हलवली आणि तोंड फिरवलं.

“कोण होतं पाण्यात?” हेमचंद्रनं विचारलं.

“एक बाई होती,” विनता म्हणाली. तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं.

“वाचली?”

“काढलं तिला.”

“अच्छा.” त्यानं पाण्याकडं पाहिलं. काळजीत पडलेला दिसला. “तिच्या घरच्यांना कळवा पहिले. ते बिचारे वाट पाहून राहिले असतील.”

“घरचं कोणी नाही तिला,” विनता म्हणाली.

“अरेरे,” हेमचंद्र म्हणाला, आणि त्याला अगदी मनापासून वाईट वाटलं.